शिखराच्या आधी काय पोहोचतं? : लेसरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १०० टेरावॉटचा लेसर आहे असं वाचलं. एवढी वीज मुंबईत आणतात कुठून? (डोंबिवली)

उत्तर : आकडा दचकवणारा आहे खरा. भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून क्षमता अर्ध्या टेरावॉटच्या घरात जाते. पण शक्ती म्हणजे ऊर्जा भागिले वेळ. अडीच जूल ऊर्जा २५ फेम्टोसेकंदांत सोडली की १०० टेरावॉट होतात; एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग. अडीच जूल म्हणजे पाव किलो साखरेची पुडी जमिनीवरून एक मीटर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. सेकंदाला असे १० स्पंद, म्हणजे प्रकाशाचे झटके, सोडले तरी सरासरी २५ वॉटच भरते. भिंतीतल्या प्लगमधून याहून कितीतरी जास्त वीज खेचली जाते, पण तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन थंड पाण्याच्या नळ्यांतून निघून जातो. २५ फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम साडेसात मायक्रॉन पुढे सरकतो. केसाच्या जाडीचा हा साधारण दहावा हिस्सा.

प्रश्न : मग त्या प्रकाशाने लेसरमधले स्फटिक आणि आरसेच का फुटत नाहीत? (सातारा)

उत्तर : फुटले असते. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात यावर तोड काढली, आणि २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. स्पंदातले तांबडे आणि निळसर घटक ग्रेटिंगच्या (बारीक रेषा कोरलेल्या, रंग वेगळे करणाऱ्या पट्टीच्या) मदतीने मागेपुढे करून तो हजारो पटींनी लांबवायचा, मग टायटेनियम-सफायरच्या स्फटिकांत वाढवायचा आणि अगदी शेवटी दुसऱ्या ग्रेटिंगच्या जोडीने पुन्हा आवळायचा. ही शेवटची जोडी, म्हणजे कॉम्प्रेसर, निर्वात पेटीत असते. आवळलेला १०० टेरावॉटचा बीम १० सेंटीमीटर व्यासाचा असला, तरी ५ मिलिमीटरच्या काचेतून जाताना त्याच्या लहरीची कला, म्हणजे चढउतारातली तिची जागा, सुमारे १५ रेडियनने ढळते (एक पूर्ण लहर म्हणजे साधारण ६.३ रेडियन). एका रेडियनपलीकडे गेलं की बीम स्वतःलाच जागोजागी केंद्रित करायला लागतो. हवेतही एका मीटरला साधारण ३ रेडियन होतात. म्हणून कॉम्प्रेसरपासून टार्गेटपर्यंत (ज्या वस्तूवर बीम मारायचा तिथपर्यंत) सलग निर्वात मार्ग ठेवतात आणि मध्ये काचेची खिडकी घालत नाहीत. कॉम्प्रेसरची दोन ग्रेटिंग किंचित जरी असमांतर असली, तरी केंद्रबिंदू गोल न दिसता लांबट दिसतो. ऊर्जामापक मात्र ऊर्जा पूर्ण आहे असंच सांगत राहतो.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात काचेवर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या थरावर ३० फेम्टोसेकंदांचे शॉट मारतो. ऊर्जा तीच, पण क्ष-किरणांचा सिग्नल एका शॉटपासून दुसऱ्या शॉटला तिप्पट-चौपट बदलतो. कुठे शोधावं? (पुणे)

उत्तर : आधी फोकस बघा, तो तपासणं सर्वांत सोपं. बीम भरपूर क्षीण करून केंद्रबिंदूचं चित्र कॅमेऱ्यावर घ्या. डाग ५ मायक्रॉनचा असेल, तर तीव्रता टिकून राहण्याची खोली पुढे-मागे सुमारे ७० मायक्रॉनच मिळते. टार्गेट सरकवताना त्याचा पृष्ठभाग याहून जास्त डुलत असेल, तर प्रत्येक शॉट वेगळ्याच तीव्रतेचा होतो. चारही कोपऱ्यांवर फोकस तपासा. टार्गेट धारकात तिरकं बसलेलं असतं, हे फार वेळा घडतं.

मग शॉटमधलं अंतर. खड्डा केंद्रबिंदूपेक्षा बराच मोठा पडतो, म्हणून १५० मायक्रॉन तरी सोडा. ५ सेंटीमीटरच्या चौकोनी टार्गेटवर तेवढ्या अंतराने १ लाखावर शॉट बसतात. सेकंदाला १० म्हटलं तर तीन तासांचं काम.

एवढं करूनही सिग्नल उड्या मारत असेल, तर मुख्य स्पंदाच्या आधी काय येतंय ते बघा. या क्षेत्रात आकडे बहुधा शिखराच्या, म्हणजे मुख्य स्पंदाच्या सर्वोच्च क्षणाच्या, तीव्रतेचे सांगितले जातात. प्रयोग मात्र त्याआधी पोहोचणाऱ्या प्रकाशावर ठरतो. हिशेब करून पाहा. शिखर दर चौरस सेंटीमीटरला एकावर १९ शून्ये इतक्या वॉटचं आहे आणि आधीचा प्रकाश त्याच्या दहा लाखांश आहे. तरी तो एकावर १३ शून्ये भरतो, आणि काही नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद म्हणजे दहा लाख फेम्टोसेकंद) टिकला तर धातूच्या पृष्ठभागाचा प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू, करायला तेवढा पुरतो. हा प्लाझ्मा सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने बाहेर फुगतो, म्हणजे एका नॅनोसेकंदात ०.१ मिलिमीटर. मुख्य स्पंद येतो तेव्हा समोर घन धातू नसतोच, असतो तो ढग. इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटीमीटरला १.७ गुणिले एकावर २१ शून्ये झाली की ८०० नॅनोमीटरचा प्रकाश तिथूनच परततो. ढग शॉटगणिक बदलला की क्ष-किरणही बदलतात.

स्पंदाची लांबी मोजणारा नेहमीचा ऑटोकोरिलेटर इथे कामाचा नाही. त्याचा आलेख दोन्ही बाजूंना सारखाच येतो, त्यामुळे उपस्पंद (मुख्य स्पंदाच्या मागचा-पुढचा छोटा स्पंद) आधीचा की नंतरचा हे कळत नाही. पिकोसेकंदांसाठी (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) आधीचं-नंतरचं वेगळं दाखवणारा तिसऱ्या घाताचा क्रॉस-कोरिलेटर हवा. नॅनोसेकंदांसाठी जलद फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप पुरतो. मुख्य स्पंदाच्या सुमारे १० नॅनोसेकंद आधी टोक दिसलं, तर पहिल्या ॲम्प्लिफायरच्या (स्पंद वाढवणाऱ्या टप्प्याच्या) पोकळीतून, जिथे तो फेऱ्या मारतो तिथून, एक फेरी आधीच प्रकाश गळतोय असं समजा. पॉकेल्स सेलचा (प्रकाशाला वाट देणाऱ्या विजेवरच्या झडपेचा) विलंब अर्ध्या-अर्ध्या नॅनोसेकंदाने सरकवून ते टोक किमान करा. तेवढ्याने भागलं नाही तर प्लाझ्मा-आरसा लावा. परावर्तनरोधक लेपाची ही काच आधीचा क्षीण प्रकाश आरपार जाऊ देते आणि मुख्य स्पंद आला की स्वतःच प्लाझ्मा होऊन आरशासारखी परावर्तन करते. स्पंदाची शुद्धता, म्हणजे आधीच्या प्रकाशाच्या तुलनेत शिखर किती उंच ते, साधारण शंभर पटींनी सुधारते, पण पाव ते तृतीयांश ऊर्जा जाते आणि दर शॉटला काचेची नवी जागा लागते.

थोडा पूर्वप्लाझ्मा (मुख्य स्पंदाआधीच तयार झालेला ढग) असला तर कधीकधी तप्त इलेक्ट्रॉन वाढतातही. म्हणून ‘शून्य’ हा हट्ट धरण्यापेक्षा तो दर वेळी तेवढाच असणं महत्त्वाचं. नॅनोकणांचा लेप दिलेल्या टार्गेटला मात्र स्वच्छ स्पंदच हवा, नाहीतर शिखर येण्याआधीच कण वितळून जातात.

प्रश्न : इतक्या कमी वेळात घडणारं दिसतं तरी कसं? (मडगाव)

उत्तर : त्याच स्पंदाचा क्षीण तुकडा टार्गेटवर उशिराने पाठवून. उशीर आरसा सरकवून देतात: आरसा १५ मायक्रॉन मागे गेला की जाण्यायेण्याचे ३० मायक्रॉन वाढतात, म्हणजे १०० फेम्टोसेकंद. दर विलंबाला नवा शॉट घेऊन आलेख बिंदूबिंदूने उभा करतात. टीआयएफआरमध्ये २००२ मध्ये अशाच परावर्तित प्रकाशाचं ध्रुवीकरण किती बदललं ते मोजून, घन टार्गेटवर निर्माण झालेलं २ कोटी ७० लाख गाउसचं चुंबकीय क्षेत्र टिपलं गेलं. ते काही पिकोसेकंदच टिकलं. पृथ्वीचं क्षेत्र साधारण अर्धा गाउस असतं.

प्रश्न : अशा प्रयोगशाळेत गॉगल हवाच का? बीम तर अंधुक तांबडा दिसतो. (नाशिक)

उत्तर : तेच तर धोक्याचं. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो, पण भिंग तो पूर्ण ताकदीने दृष्टिपटलावर एकवटतं. गॉगल ८०० आणि पंप लेसरच्या ५३२ नॅनोमीटर, दोन्हींसाठी हवा. अंगठी, घड्याळ बाहेर काढून ठेवायचं. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकताना डोळे बीमच्या पातळीतून जातात, म्हणून आधी शटर बंद करायचं, मग वाकायचं.