शेल स्क्रिप्टला स्वतःचा पत्ता कसा कळावा?

प्रश्न : माझी एक शेल स्क्रिप्ट तिच्याच डिरेक्टरीतील सेटिंगची फाइल वाचते. त्यासाठी लिनक्सवर मी ‘रीडलिंक’ या आज्ञेला ‘-एफ’ हा पर्याय देऊन स्क्रिप्टचा संपूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, मिळवत असे. जुन्या मॅकओएसवर मात्र असा पर्यायच नसल्याची चूक दाखवून तीच ओळ थांबली. कोणत्याही युनिक्ससदृश प्रणालीवर चालेल अशी एक रीत सांगता येईल का?

उत्तर : प्रत्येक प्रसंगी खात्रीने चालेल अशी रीत नाही, मात्र आपल्या कामाला पुरेल अशी आहे. ‘-एफ’ हा पर्याय पॉसिक्स या युनिक्ससदृश प्रणालींच्या सामाईक मानकात नाही. लिनक्सवरील ग्नू साधनांत तो पूर्वीपासून आहे, तर मॅकओएसमध्ये तो २०२२ साली १२.३ या आवृत्तीत आला. ‘रीडलिंक’ आणि ‘रिअलपाथ’ या आज्ञांना पॉसिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीत स्थान मिळाले आहे, परंतु जुन्या यंत्रांवरही चालायची असलेली स्क्रिप्ट त्या भरवशावर लिहिता येणार नाही.

मूळ अडचण अशी की शेलला फाइल कोठे आहे हे कोणी सांगत नाही, फक्त तिचे नाव सांगितले जाते. स्क्रिप्ट थेट चालवली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पहिल्या ओळीतील ‘#!’ पाहून तेथे नमूद केलेला शेल सुरू करतो आणि ज्या पाथने स्क्रिप्ट मागितली गेली तोच पाथ त्याला देतो. तोच पुढे ‘डॉलर शून्य’ ($0) या चलात दिसतो. तो पूर्ण असेल किंवा चालू डिरेक्टरीच्या सापेक्ष असेल. ‘एसएच’ या आज्ञेपुढे स्क्रिप्टचे नुसते नाव लिहिले, तर बहुधा तेवढे नावच हाती येते, आणि काही शेल तशी फाइल चालू डिरेक्टरीत न सापडल्यास ‘पाथ’ (PATH) या चलातील, म्हणजे आज्ञा शोधण्यासाठी नेमलेल्या, डिरेक्टऱ्यांतही शोधत असल्याने त्या नावावरून केलेला तर्क चुकू शकतो. स्क्रिप्टचा मजकूर पाइपमधून शेलला पुरवला असेल, तर शोधावा असा पाथच नसतो.

थेट चालवलेल्या स्क्रिप्टसाठी पुढील रीत वापरावी. ‘डॉलर शून्य’ अवतरणचिन्हांत घालून ‘डिरनेम’ला द्यावे, त्यातून जो डिरेक्टरीभाग मिळेल तेथे ‘सीडी -पी’ने जावे आणि त्याला ‘&&’ने जोडून चालू डिरेक्टरीचा पाथ छापणारी ‘पीडब्ल्यूडी -पी’ चालवावी. हे सारे कमांड सबस्टिट्यूशनच्या (आज्ञेचे उत्तर चलात घेणाऱ्या ‘$( )’ या) कंसात घातले की ते सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालते, म्हणून मुख्य स्क्रिप्टची चालू डिरेक्टरी बदलत नाही. ‘-पी’मुळे वाटेतील डिरेक्टऱ्यांच्या सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, उलगडतात. हायफनने सुरू होणारे नाव पर्याय समजले जाऊ नये, म्हणून ‘डिरनेम’ आणि ‘सीडी’ या दोन्ही आज्ञांना ‘--’ द्यावे. ही ओळ स्क्रिप्टच्या अगदी आरंभी हवी. आधी कोठेतरी ‘सीडी’ झाले असेल, तर सापेक्ष नाव निरर्थक ठरते.

येथे एक खोडी आहे, आणि ती सापडेपर्यंत माणूस हैराण होतो. वापरणाऱ्याने ‘सीडीपाथ’ हे चल (‘सीडी’ने डिरेक्टरी कोठे कोठे शोधावी याची यादी) निर्यात करून ठेवले असेल, तर ‘सीडी’ त्यातील भलत्याच डिरेक्टरीत जाऊ शकते आणि पोहोचलेल्या जागेचे नाव छापतेही. मग आपल्या चलात एकाऐवजी दोन ओळी येतात. म्हणून ‘सीडी’च्या आधी त्याच आज्ञेत ‘सीडीपाथ=’ असे लिहून ते रिकामे करावे. डिरेक्टरीच्या नावाच्या शेवटी नवी ओळ असेल, तर कमांड सबस्टिट्यूशन ती गाळून टाकते. अशी नावे ठेवणाऱ्यांसाठी मी तरी जादा ओळी लिहीत नाही.

स्क्रिप्ट स्वतःच सिमलिंक असेल, तर वरील रीत लिंकची डिरेक्टरी दाखवते, मूळ फाइलची नव्हे. मूळ हवी असल्यास ‘-एच’ ही चाचणी (फाइल सिमलिंक आहे का) खरी ठरते तोवर आवर्तन चालवावे आणि दर फेरीत बिनपर्यायी ‘रीडलिंक’ने लक्ष्य वाचावे. ती आज्ञाही नसलेल्या प्रणालीवर ‘एलएस -एलडी’च्या उत्तरातील ‘->’ या खुणेपुढचा भाग घ्यावा लागतो, आणि नावातच ती खूण असली की हा उपाय फसतो. बहुतेकांची चूक याच आवर्तनात होते : लक्ष्य ‘/’ने सुरू होत नसेल, तर ते लिंक ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या सापेक्ष असते, चालू डिरेक्टरीच्या नव्हे. लिंकांचे चक्र बनून आवर्तन अनंत चालेल ही भीती मात्र येथे सहसा नसते, कारण तसे चक्र असते तर कर्नलने फाइल उघडलीच नसती.

प्रश्न : हीच फाइल मी दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘डॉट’ आज्ञेने समाविष्ट केली, तर?

उत्तर : तेव्हा ‘डॉलर शून्य’मध्ये साधारणतः समाविष्ट करणाऱ्याचे नाव असते, आणि पॉसिक्समध्ये यावर उपाय नाही. बॅशमध्ये ‘बॅश_सोर्स’ हे चल आहे, परंतु साध्या ‘एसएच’मध्ये त्यावर विसंबता येत नाही. समाविष्ट करणाऱ्या स्क्रिप्टनेच आधी डिरेक्टरी शोधून ती एका चलात ठेवावी आणि समाविष्ट फाइलने ते चल वाचावे. स्क्रिप्ट इतरांच्या यंत्रांवर बसवली जाणार असेल, तर मी याहूनही सरळ मार्ग घेईन : स्क्रिप्टमध्ये पाथच्या जागी एक खूणशब्द ठेवायचा आणि स्थापनेच्या वेळी ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने तेथे प्रत्यक्ष पाथ भरायचा.