व्यवसायांची छपाई आणि जाहिरातफलक काळानुसार कसे बदलत गेले?

कोल्हापूरपुरते सांगायचे तर सुरुवात कुंचल्यापासून करावी लागते, कारण बाबूराव पेंटर यांनी १९२० च्या दशकात आपल्या मूकपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवली होती. दुकानांची बिलबुके मात्र ट्रेडल या पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर निघत. जुळारी शिशाचे खिळे, म्हणजे उलट्या अक्षरांचे ठसे, वाचत एकेक ओळ जुळवी, आणि छापलेल्या कागदाच्या पाठीवरून बोट फिरवले की अक्षरांचा दाब जाणवे. पुढे ऑफसेट छपाईने निळा, किरमिजी, पिवळा व काळा या ४ शाईंत छायाचित्रे आणली आणि फ्लेक्स आल्यावर हाताने रंगवलेल्या पाट्या झपाट्याने उतरल्या. वेग व स्वस्ताई मिळाली, हे खरेच. पण गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, जुन्या पाटीवरचे वळणदार देवनागरी अक्षर संगणकाच्या फाँटमध्ये मला अजून सापडलेले नाही.