बांधावर नेपियर (हत्ती गवत) लावलं तर शेजारच्या मक्यावर खोडकिडा वाढतो का? किडीला पीक वासावरून कळतं का?

वाढत नाही. आणि हो, वासावरून कळतं. खरं तर हा प्रश्न आमच्या भावजींनीच नाव बदलून विचारलाय की काय असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

वाटण्या झाल्यावर थोरल्या दिरांच्या आणि आमच्या रानात एक बांध तेवढा राहिला. दावणीला दोन म्हशी, म्हणून मी बांधाकडेनं नेपियर लावलं. त्या खरिपात भावजींच्या मक्याचे पोंगे, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, वाळायला लागले. ओढला की पोंगा अलगद हातात, बुडाशी कुजलेला. पारावर बसून त्यांनी निकाल दिला, "हिच्या गवतात किडा पोसतोय." पुरावा म्हणून माझ्याच नेपियरचं पान आणलं. पानामागं शिरेलगत माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चिकटलेली पांढरट अंडी. खोडकिड्याचीच होती, त्यात वाद नाही.

मीही हट्टाला पेटले. अंडी असलेल्या सात फुटव्यांना लाल दोरा बांधला आणि पंधरा दिवसांनी ते कोयत्यानं उभे चिरले. आत शिरायला कुरतडलेलं दिसत होतं, पण तिथं डिंकासारखा चिकट रस सुकलेला. एका ठिकाणी त्यात सुताएवढी अळी अडकून मेलेली. सातांत जिवंत एकही नाही. भावजींचा मका चिरला तर आत ठिपक्यांची गुबगुबीत अळी आरामात बसलेली. त्यांना बोलावून दाखवलं. "योगायोग," म्हणाले.

पुढं मुलगी कृषी कॉलेजला गेली तेव्हा कळलं, हा योगायोग केनियात मुद्दाम घडवून आणतात. व्हिक्टोरिया सरोवराकाठी, एम्बिटाला, इसिपे या कीटक संशोधन संस्थेचे झियाउर खान आणि इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्राचे जॉन पिकेट यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत बसवली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम (शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक), भोवती नेपियर. डेस्मोडियमचा वास खोडकिड्याच्या मादी पतंगाला नकोसा होतो, नेपियरचा ओढून घेतो. (तिथला एक मोठा खोडकिडा मूळचा आपल्या आशियातलाच, तिकडं गेलेला. डेस्मोडियमनं त्यांच्याकडचा टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारं तण, तोही हटतो, ज्वारीवाल्यांनी कान टवकारावेत.)

वास म्हणजे काय, तर गवत कापताना नाकात जातो तो हिरवट वास, त्याच जातीची द्रव्यं. अंधार पडला की पहिल्या तासात नेपियरमधून ती दिवसाच्या सुमारे शंभरपट सुटतात. मका-ज्वारीत फार तर दहापट. आणि मादी अंडी घालते ती बहुतेक त्याच तासाला. म्हणजे ती भुलून माझ्या गवतावर येते आणि पोरं तिथं मरतात. पोसतंय कोण, सांगा! कामगंध सापळ्याचं गणित वेगळं, तिथं मादीच्या वासाला नर येतात. दोन्हींची खिचडी करू नका.

आता जरा अडचणीचं. नेपियर मक्याच्या आधी वाढलेलं हवं, चारी बाजूंनी हवं, आणि सगळं एकदम कापायचं नाही. मी एकाच बाजूला लावलं होतं आणि म्हशींसाठी सरसकट कापायचे. नुकत्या फुटलेल्या अळ्या धाग्याला लोंबकळून वाऱ्यावर जातात, तेव्हा भावजींच्या पहिल्या ओळीत चार-दोन गेल्या असतीलही. अख्खा मका त्यांनी खाल्ला नाही. लष्करी अळीला मात्र हे जसंच्या तसं लावू नका, ती नेपियरवरही जगते.

दुसऱ्या वर्षी माझं नेपियर एका रात्रीत पिवळं पडलं. तणनाशकाचा वास मलाही येतो, त्याला पतंग असावं लागत नाही. भावजींचा मका त्याही खरिपात पोंग्यातच वाळला.

तर लावा बिनधास्त. फक्त आधी सरकारी मोजणी करून घ्या आणि बांधापासून दोन हात आपल्या रानात लावा.