अल्ब्युमिन उतरलं, ते गेलं कुठे?

प्रश्न : आईला न्यूमोनिया झाला. दाखल केलं तेव्हा रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन ४.१ होतं, आठ दिवसांनी २.७ आलं. नातेवाईक म्हणतात, जेवण गेलं नाही म्हणून प्रोटीन उतरलं. खरं आहे का?

आधी हिशेब मांडू. यकृत रोज साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतं आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, १९-२० दिवसांचं असतं. यकृताने काम अगदी बंद केलं असं धरलं, तरी आठ दिवसांनी पाऊण हिस्सा उरायला हवा, म्हणजे ४.१ चे ३.१ च्या आसपास. उपाशी माणसाचं यकृत तर पूर्ण बंदही पडत नाही. त्यामुळे २.७ चं खापर एकट्या जेवणावर फोडता येत नाही.

अंगात एकूण सुमारे ३०० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. त्यातलं जेमतेम ४० टक्के रक्तात, बाकीचं मुख्यतः त्वचा आणि स्नायूंच्या पेशींभोवतालच्या द्रवात. रक्तातल्या साठ्याचा अंदाजे ५ टक्के भाग दर तासाला केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतो आणि लसिकावाहिन्यांमार्फत गळ्याच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांत परत येतो. जंतुसंसर्गात केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, गळती दुपटीवर जाऊ शकते आणि परतीची वाट तेवढं पेलू शकत नाही. त्यात सलाईनने रक्त पातळ होतं. शिवाय यकृत अल्ब्युमिन मागे ठेवून सीआरपी, फायब्रिनोजेन ही संसर्गात वाढणारी प्रोटीनं बनवायला लागतं.

म्हणून या आकड्याशेजारी सीआरपीचा आकडा ठेवूनच वाचावं. सीआरपी झपाट्याने उतरतं, अल्ब्युमिन मात्र हळूहळू चढतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणखी एक बारीक गोष्ट : बराच वेळ आडवं पडल्यावर घेतलेल्या रक्तात आकडा उभ्याने घेतलेल्यापेक्षा थोडा कमीच येतो.

प्रश्न : मग अल्ब्युमिनची बाटली चढवली तर न खाल्लेल्याची भरपाई होईल का?

नाही. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. ते अमिनो आम्लांत मोडल्याशिवाय ऊतींच्या कामी येत नाही, आणि मोडतं ते दिवसेंदिवस, संथपणे. पोषण म्हणूनही ते लंगडंच. अख्ख्या रेणूत ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल एकच. या बाटलीचा खरा उपयोग वेगळा आहे. उदाहरणार्थ, सिरॉसिसच्या (यकृताच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाच्या पोटातून ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं, तर प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम देतात. आकडा सुधारावा एवढ्यासाठी बाटली मागू नका.

प्रश्न : आजारात स्नायू झडतात. ते प्रोटीन रक्तात जातं का? किती गेलं हे मोजता येतं?

प्रोटीन जसंच्या तसं जात नाही. स्नायूतलं प्रोटीन मोडून अमिनो आम्लं बाहेर पडतात, त्यांत अ‍ॅलॅनिन आणि ग्लुटामिन सर्वाधिक. यकृत अ‍ॅलॅनिनपासून ग्लुकोज बनवतं आणि त्यातल्या नायट्रोजनचा युरिया करून लघवीवाटे घालवतं. निरोगी प्रौढाच्या अंगातही रोज २५०-३०० ग्रॅम प्रोटीन मोडतं आणि जवळपास तेवढंच पुन्हा बांधलं जातं. आजारात मोडणं पुढे निघून जातं.

मोजमाप असं : २४ तासांच्या लघवीतला युरिया-नायट्रोजन ग्रॅममध्ये घ्या, घाम, शौच वगैरेंसाठी त्यात ४ मिळवा, बेरजेला ६.२५ ने गुणा. समजा १२ आला. १६ गुणिले ६.२५ म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन खर्च झालं. पोटात ६० गेलं असेल तर तूट ४० ग्रॅमची. स्नायूत पाचवा हिस्सा प्रोटीन धरला, तर हे दिवसाला सुमारे २०० ग्रॅम स्नायू झाले.

चूक बहुधा लघवी गोळा करतानाच होते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून वेळ मोजायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची मात्र धरायची. मधली एखादी वाया गेली की तूट आहे त्यापेक्षा कमी दिसते. मूत्रपिंड निकामी असेल तर हा हिशेब करूच नये. युरिया रक्तातच साठतो.