लहानपणीच्या ताणाच्या चाचणीत सहा गुण आले. आयुष्य खरंच 20 वर्षांनी कमी होतं का?

नाही. त्या आकड्याचा तसा अर्थ निघत नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: लहानपणीच्या ताणाचा पुढे मेंदूवर आणि शरीरावर परिणाम होतो का, दहा प्रश्नांच्या चाचणीत सहा आले त्याचं काय, आणि त्याच घरात वाढलेली धाकटी बहीण ठणठणीत कशी. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, समुपदेशक नाही, तेव्हा त्या बेताने वाचा. आधी 20 वर्षांचं बघू, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते.

ते दहा प्रश्न आले अमेरिकेतल्या सॅन दिएगोमधून. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी तिथे लठ्ठपणावर उपचार करत. 1980च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांचं वजन छान उतरतंय तेच लोक उपचार अर्धवट सोडून जातात. बोलतं केल्यावर अनेकांच्या बालपणात अत्याचार निघाले. मग साथरोगतज्ज्ञ रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी मोठी पाहणी केली, तिचा पहिला निबंध 1998चा. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारझोड अशा अनुभवांच्या प्रत्येक प्रकाराला एक गुण. असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या 4 ते 12 पट निघाला. हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजारही गुणांबरोबर वाढत गेलेले दिसले.

20 वर्षांचा आकडा 2009च्या निबंधातला. पाहणीत 17,000हून जास्त लोक होते आणि 2006 अखेरपर्यंत त्यातले साधारण दीड हजार वारले होते. सहा किंवा जास्त गुण असलेल्या मृतांचं सरासरी वय 60च्या आसपास, शून्य गुणांच्या मृतांचं 79. ही सरासरी फक्त वारलेल्यांची आहे. जिवंत असलेले बहुसंख्य लोक, सहा गुणवाले धरून, तिच्यात नाहीतच. अकाली मृत्यूचा धोका वाढतो हे त्यातून दिसतं, पण तुमच्या आयुष्यातून 20 वजा करायची सोय त्यात नाही. खुद्द अँडा यांनी 2020 मध्ये लिहिलं, की हे गुण एका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका. गुण मोजतात प्रकार. एकदा घडलं की रोज, तिसऱ्या वर्षी की तेराव्या, हे त्यांना कळत नाही.

आता पहिला प्रश्न. हो, परिणाम होतो. धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. साखर वाढते, वाढ-दुरुस्तीची कामं मागे पडतात. हेच कॉर्टिसॉल मेंदूत हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणी सांभाळणाऱ्या भागाला, जाऊन 'आता पुरे' असंही सांगतं. ताण वर्षानुवर्षं चालला की हा 'पुरे' नीट ऐकू येईनासा होतो. काहींचं कॉर्टिसॉल चढंच राहतं, तर काहींचं उलट इतकं मंदावतं की सकाळी उठल्यावर जेवढं वाढायला हवं तेवढंही वाढत नाही.

जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून आज बाबा कुठल्या मूडमध्ये आहेत हे ओळखणारं, आणि त्यावरून पाणी प्यायला उठायचं की झोपेचं सोंग घ्यायचं ते ठरवणारं मूल डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मेंदूत काही बिघडलेलं नाही. त्या घरात ती हुशारीच होती. धोका हेरणारा अमिग्डला तरबेज होत गेला. त्याला आवर घालणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत असतो. तिशीत साहेबांनी नुसतं 'जरा आत या' म्हटलं तरी पोटात गोळा येतो आणि रक्तदाब चढतो, तो या जुन्या सरावामुळे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात 1972-73 साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा पाठपुरावा झाला. ज्यांचे लहानपणी हाल झाले होते त्यांच्या रक्तात 32व्या वर्षी शरीरातला दाह (आतली सूज) दाखवणारं सीआरपी हे प्रथिन जास्त सापडलं. हृदयविकाराशी दुवा बहुधा इथूनही जुळतो.

हे कायमचं कोरलेलं असतं का? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं, की आईने फारसं न चाटलेली उंदराची पिल्लं मोठेपणी जास्त घाबरट होतात आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या एका जनुकावर रासायनिक खुणा वेगळ्या असतात. पिल्लू दुसऱ्या, चाटणाऱ्या आईकडे दिलं तर तसं होत नाही. प्रौढ उंदरांच्या मेंदूत औषध टोचून हा फरक पुसताही आला. (माणसांसाठी असलं औषध विकणारा भेटला तर लांब राहा.)

बहिणीचं म्हणाल तर वय, जनुकं आणि कोण पाठीशी होतं, या तिन्हींत फरक असू शकतो. बुखारेस्टमध्ये 2000 साली अनाथालयांतल्या 136 मुलांवर अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्यांना पालक कुटुंबांत पाठवलं, आणि जी वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत गेली ती जास्त सावरली. हवाई बेटांपैकी कवाईमध्ये 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांच्या अभ्यासातही, जास्त जोखमीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश छान निभावली. त्यांना आधार देणारं एखादं तरी मोठं माणूस असायचं, मग ते आईवडील नसले तरी. तुमच्या बहिणीच्या वाट्याला ते माणूस म्हणून कदाचित तुम्हीच आलात. आणि ठणठणीत दिसणं म्हणजे ठणठणीत असणं असंही नाही, हे तीच सांगू शकेल.

आता करायचं काय? चाचणी परत परत देऊ नका. नेहमीच्या डॉक्टरांना बालपणाबद्दल दोन वाक्यांत सांगा, तपशील द्यायची गरज नाही. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. सिगारेट-दारू असेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण आजारांकडे जाणारा बराच रस्ता तिच्यातून जातो. झोप उडणं, दचकणं, जुने प्रसंग डोळ्यांपुढे येणं चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना आघातावरच्या सीबीटीबद्दल (विचारांची आणि वागण्याची घडी बदलणारा संवादोपचार) किंवा ईएमडीआरबद्दल (डोळ्यांच्या हालचाली करत जुने प्रसंग आठवायचा उपचार) विचारा. प्रौढांमध्येही या उपचारांनी फरक पडतो. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच कुणाला तरी सांगा.