चिनी मजकुरात इंग्रजी शब्द येतात तेव्हा फॉन्टची जोडी कशी ठरवावी?

तुमच्या चिनी माहितीपुस्तिकेत इंग्रजी शब्द बारीक आणि खाली घसरल्यासारखे दिसतात, अवतरणचिन्हंही बिघडतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी चिनी फॉन्ट पक्का करा आणि त्याला शोभेल असा इंग्रजी नंतर शोधा. पानावर शाई जास्त चिनी अक्षरांचीच असते.

त्यातही पहिला प्रश्न वळणाचा नसून प्रदेशाचा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, असंख्य चिनी अक्षरांना एकच क्रमांक आहे, पण ती लिहायची रीत प्रदेशागणिक बदलते. 'हाड' या अर्थाच्या अक्षरात वरच्या चौकटीतला छोटा कोपरा मुख्य चीनमध्ये डावीकडे असतो, तर तैवान आणि जपानमध्ये उजवीकडे. वाचक शांघायचा आणि फॉन्ट जपानी, असं झालं की त्याला ते लगेच खटकतं. सोर्स हान किंवा नोटो हे फॉन्टसंच घेत असाल तर मुख्य चीनसाठी 'एससी', तैवानसाठी 'टीसी' आणि हाँगकाँगसाठी 'एचके' (सोर्स हानमध्ये 'एचसी') आवृत्ती घ्या.

वळणांची जोडी सोपी आहे. सोंग वळणात आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड आणि आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला छोटा त्रिकोण असतो. त्याला सेरिफ, म्हणजे टोकांना छोट्या रेघा असलेला, इंग्रजी शोभतो. हेइ वळणात जाडी जवळपास सारखी, म्हणून सॅन्स, म्हणजे तशा रेघा नसलेला. इटॅलिक मात्र चिनीत नाहीच. सॉफ्टवेअर अक्षर नुसतं तिरकं करतं आणि ते पडायला आल्यासारखं दिसतं. जोर द्यायचा तर काइ हे कुंचल्याचं वळण किंवा हेइ वापरा, नाहीतर अक्षराखाली ठिपके द्या.

आता तुमची मुख्य अडचण. जुन्या चिनी फॉन्टमधली इंग्रजी अक्षरं वापरू नका. सिमसन या जुन्या चिनी फॉन्टची तर सगळी एकाच, अर्ध्या रुंदीची आहेत, त्यामुळे 'आय' आणि 'एम' सारखीच जागा खातात. सोर्स हान सॅन्स याला अपवाद: त्यातली इंग्रजी अक्षरं सोर्स सॅन्समधून, चिनीशी जुळावीत म्हणून आकार बदलून घेतली आहेत, ती चालतील. वेगळा फॉन्ट जोडत असाल तर इंग्रजी ५ ते १० टक्के मोठा करा. चिनी अक्षर जवळजवळ पूर्ण चौकोन भरतं आणि बेसलाइनच्या (इंग्रजी अक्षरं ज्या रेघेवर टेकतात तिच्या) खालीही उतरतं, म्हणून त्याशेजारी लहान लिपीतलं ('a', 'b' असं) इंग्रजी खुजं वाटतं. बेसलाइन किंचित हलवून बघा, पण 'जी' आणि 'पी'च्या शेपट्या तपासूनच. जाडीही डोळ्यांनी जुळवा. दोन्हींवर 'रेग्युलर' लिहिलंय म्हणून ती सारखी नसते.

अवतरणचिन्हं का बिघडतात? वेबपानावर इंग्रजी फॉन्ट यादीत आधी लिहितात, ते बरोबरच आहे. पण गोल अवतरणचिन्हं, लांब डॅश आणि तीन टिंबं यांचे युनिकोड क्रमांक दोन्ही भाषांत एकच. ती इंग्रजी फॉन्टमधून येतात आणि पूर्ण चौकोनाऐवजी अरुंद होतात. फॉन्ट जोडताना 'युनिकोड-रेंज' (कोणत्या क्रमांकांसाठी कोणता फॉन्ट हे ठरवणारी वेबची सोय) वापरून ही चिन्हं चिनी फॉन्टकडे वळवा. मात्र इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी हाच एकेरी बंद अवतरणचिन्हाचा क्रमांक वापरतो, म्हणून इंग्रजी तुकड्यांना 'लँग' (मजकुराची भाषा सांगणारी वेबपानातली खूण) देऊन त्यांची फॉन्टयादी वेगळी ठेवा. नाहीतर अपॉस्ट्रॉफीपाशी शब्द फाटल्यासारखा दिसेल. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या चिनी आवृत्तीत हेच काम कंपोझिट फॉन्टमध्ये (अनेक फॉन्ट एकत्र जोडायची सोय) करता येतं, आकार आणि बेसलाइनसकट.

चिनी आणि इंग्रजी यांच्यामध्ये जास्तीत जास्त पाव चौकोन मोकळा ठेवतात. वर्ड ही जागा आपोआप सोडतो, तेव्हा वर स्पेसबार मारू नका, दुप्पट भोक पडतं. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीड ते पावणेदोन पट ठेवा.

शेवटी खऱ्या आकारात छापून बघा, विशेषतः गडद पट्टीवरचा पांढरा मजकूर. तिथे सोंगच्या बारीक आडव्या रेघा शाईने बुजतात. लहान आकारात तिथे हेइच घ्या.