गोदावरीत गळाला मोठा शिवडा लागला तर सोडावा का?

पैठणच्या खाली हौसेनं गळ टाकता, परवा हातभर लांब शिवडा (बिनखवल्याचा मोठा शिकारी मासा) लागला, तुम्ही सोडला आणि सोबतचे हसले. बरोबर केलं का, असं विचारलंय तुम्ही. बरोबरच केलं. फक्त सोडला कसा, तेही तितकंच महत्त्वाचं. मी त्यात चुकलोय.

गंगाखेडच्या पुढे एका डोहावर (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) मला सात-आठ किलोचा शिवडा लागला होता. ओढत वाळूवर आणला. जबड्याला धरून उभा लटकवला, सगळ्यांनी आळीपाळीनं फोटो काढले आणि मग पाण्यात ढकलला. गेला पोहत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मासा पोट वर करून काठाला लागलेला. शिवड्याला खवले नसतात, अंगावर बुळबुळीत थर तेवढा असतो, आणि तो तापल्या वाळूनं खरवडून निघाला होता. शिवाय एवढं वजन एका जबड्यावर टांगलेलं. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता गळाचा उलटा काटा मी आधीच पकडीनं दाबून सपाट करतो. मासा काठावर घेतच नाही, गुडघाभर पाण्यात उतरतो. हात ओले, कल्ल्यांना स्पर्श नाही, गळ लांब चिमट्यानं काढायचा. त्याचे दात बारीक पण पुष्कळ असतात, तोंडात बोट घालू नका. गळ खोल गिळला असेल तर ओढायचा नाही, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तोंडाजवळ कापायचा. मग दोन्ही हातांवर आडवा धरून तोंड धारेकडं करायचं आणि तो स्वतः शेपूट मारून निसटेपर्यंत थांबायचं.

एवढं जपायचं कारण म्हणजे हा मासा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ आहे. कटला-रोहूचं बीज (बारीक पिल्लं) माणसं जलाशयात सोडतात. शिवडा दुसरी मासोळी खातो, त्याचं बीज कोण सोडणार? पावसाळ्यात नव्या पाण्याला उथळात चढून त्याला स्वतःच वीण करावी लागते, आणि वाटेत आडवे बंधारे, खाली उपसलेली वाळू. त्यात आपला दुष्काळ. मे महिन्यात धार तुटली की उरलेली मोठी मासोळी एकेका डोहात कोंडते, मग कुणीही गळ टाकावा आणि काढावी. अशा डोहावर मी गळ टाकत नाही. जून-जुलैत गाबोळीनं (अंड्यांनी) भरलेल्या माद्या वर चढतात, तेव्हाही नाही.

घरी मासोळी न्यायचीच असेल तर चिलापी (तिलापिया) न्या. ती बाहेरून आलेली, भरपूर वाढलेली, कणकेच्या गोळीलाही लागते आणि तळून चांगली लागते.

एक राहिलं. जलाशयांचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडं असतो, आधी त्यांना विचारा. आणि पैठणच्या जायकवाडी धरणाच्या वर नाथसागर जलाशयावर जाणार असाल तर ते 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, वनविभागाला विचारल्याशिवाय तिथं गळ टाकू नका.